अधिकाचे वाण आणि विमानाची वलये

तोंडात घास असताना बोलू नये, हा नियम मी आयुष्यभर निष्ठेने पाळत आलो आहे. या नियमाचे पालन केल्याने माणसाला विमानात बसावे लागते, हे मात्र गेल्या हिवाळ्यापर्यंत मला ठाऊक नव्हते.

माझे व्याही झुलालआबा यांच्या धुळ्याजवळच्या शेतात भरिताचा बेत होता. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठसका, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जळगावहून मी आणि माझी पत्नी कुंदा मुद्दाम गेलो होतो. समोर आमचे जावई हितेंद्रराव बसले होते. त्यांचा धुळ्यात पंपदुरुस्तीचा कारखाना आहे. पंप दुरुस्त करून उरलेल्या वेळात इतर माणसे झोपतात. हितेंद्ररावांनी त्या वेळात विमान चालवण्याचा परवाना मिळवला आणि मग वडिलांच्या कापसाच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी दोन आसनांचे एक विमान बांधायला घेतले. (मी त्याला ‘विमान’ म्हणतो, कारण तो शब्द निर्दोष आहे. वस्तूविषयी मला तेवढी खात्री नव्हती.)

मी भरिताचा मोठा घास तोंडात घातला आणि नेमके त्याच क्षणी जावई म्हणाले, “नाना, पहिल्या उड्डाणाला शेजारच्या आसनावर तुम्हीच बसायचं. बसाल ना?”

‘विचार करून कळवतो’ असे उत्तर माझ्या मनात तयार होते. पण घास मोठा होता. ‘जरा थांबा, गिळू द्या’ अशा अर्थाने मी मान हलवली. माझी मान हलण्याची दिशा पहिल्यापासून संदिग्ध आहे. शाळेत शिकवत असताना याच हालचालीला परवानगी समजून पुष्कळ विद्यार्थी तासाला उठून पाणी प्यायला जात असत.

घास पोटात पोचण्यापूर्वीच झुलालआबा उभे राहिले. “मास्तर बठणार शेतस!” ते बांधावरून ओरडले. “बठ्ठा गावले सांगी द्या! आमना गावमा आजलोंग इमानमा कोनी बठेल नही. मना व्याही पयला!”

“आबा, ऐका तर—” मी म्हणालो; पण तोपर्यंत पलीकडच्या शेतातून कोणीतरी माझा जयजयकार केला होता. जयजयकार चालू असताना माघार कशी घ्यावी, हे मला कोणी शिकवलेले नाही.

जळगावला परतलो, तो वार्ता माझ्याआधी पोचलेली. सकाळी फिरायला गेलो असता माझे जुने सहकारी चुडामण सर समोर आले. आयुष्यभर या गृहस्थाने मला भित्रा म्हटले आहे. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. “तुमच्याविषयी माझं मत साफ चुकीचं होतं,” तो गदगदून म्हणाला. त्याचे मत किती अचूक होते, हे त्याला सांगण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

घरात मात्र एवढा आदर नव्हता.

“तुम्ही विमानात बसणार?” कुंदा म्हणाली. “गच्चीवरून टॉवेल खाली पडला, तर कुठे पडला ते बघायला मला वाकायला लावता.”

“तो प्रश्न वेगळा.”

“कसा काय वेगळा?”

“त्या गच्चीचा कठडा बुटका आहे.”

“आणि विमानाला कठडा असतो वाटतं?”

या प्रश्नावर मी थेट उन्हाळा लागेपर्यंत चिंतन केले. विमानात बसणे टळणार नाही, हे उघड होते. तेव्हा विमान पडणे टाळता आले पाहिजे. एवढा एकच मार्ग माझ्यासारख्या सुशिक्षित भित्र्या माणसाला उरतो. मी धुळ्याची एसटी पकडली, शेडमध्ये गेलो आणि जावयांना सरळ विचारले, “हितेंद्रराव, हे पडायचं झालंच, तर कशामुळे पडेल?”

एवढ्या आपुलकीने त्यांना कोणी कधी काही विचारले नसावे. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला एका खोक्यावर बसवले आणि इंजिन उलगडून दाखवले. ते कोण्या मोडीत निघालेल्या परदेशी मोटारीतून काढलेले होते. आपल्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. याच्यात दट्ट्याच नाही. दोन फुगीर कुशींच्या पोकळीत एक जाडजूड त्रिकोण गरगर फिरतो आणि फिरता फिरताच इंधन ओढतो, दाबतो, जाळतो, धूर बाहेर टाकतो. मला हे यंत्र आवडले. कमी अवयवांत एवढी कामे करणारा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही. (कुंदा म्हणाली, तिने पाहिलेला आहे; ती रोज सकाळी आरशात पाहते.)

“आणि याच्यात दोष?”

“दोष एकच, नाना. सील.”

‘सील’ या शब्दाशी माझे जमत नाही. मी त्याच्यासाठी ‘रोधवलय’ हा प्रतिशब्द सुचवला. जावई सज्जन आहेत, ते म्हणाले, “फार छान. फक्त दुकानात मी सीलच म्हणेन.”

त्रिकोणाच्या तीन टोकांवर धातूच्या पट्ट्या असतात. त्यांची निवड त्यांनी कधीच केली होती. अडले होते ते रबरी वलयांपाशी. इंजिनचे कप्पे एकमेकांवर रचलेले असतात. त्यांच्या सांध्यात ही वलये बसतात. एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला इंजिन गार ठेवणारे पाणी आणि मध्ये बांगडीएवढे हे रबर. रबर उष्णतेने कडक झाले किंवा तेलाने फुगले, की पाणी आगीत शिरते.

“मग?”

“मग इंजिन शांत होतं.”

“शांतता वाईट नसते,” मी म्हणालो.

“जमिनीवर नसते, नाना.”

हितेंद्ररावांनी तीन ठिकाणांहून वलये मागवली होती: पुण्याहून, सुरतेहून आणि एका दलालामार्फत विलायतेतून. तिन्ही काळी, तिन्ही एका मापाची, तिन्ही सारखीच तुळतुळीत. फरक होता तो फक्त पाकिटांत. कोणते घ्यावे, याचा निर्णय व्हायचा होता आणि कारखान्यात हंगाम असल्याने तपासायला त्यांना वेळ नव्हता.

“परीक्षा घेणं हा माझा व्यवसाय होता,” मी म्हणालो. “ही तिघं माझ्या स्वाधीन करा.”

जावयांनी प्रत्येक जातीची थोडी वलये माझ्या हवाली केली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता, त्याला मी विश्वास समजलो. आता वाटते, तो संकोच असावा.

जळगावात तेव्हा अधिक महिना चालू होता आणि ऊन असे, की वलयांची परीक्षा नुसत्या गच्चीवरही झाली असती. पण मला शास्त्रशुद्ध काम करायचे होते. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यावे, ते तेहतीस नगांचे असावे आणि नग जाळीदार, छिद्रे असलेले असावेत, ही आपली चाल. त्यासाठी कुंदाने अनारशांचे पीठ मुरत ठेवले होते. मुलगी हेमांगी आणि जावई दुसऱ्या दिवशी यायचे होते. कुंदा देवळात गेलेली पाहून मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

प्रत्येक जातीचे एकेक वलय मी कढईत तापल्या तेलात सोडले आणि एकेक कुकरमध्ये पाण्यात ठेवून शिट्ट्या होऊ दिल्या. मग चिमट्याने बाहेर काढून दाबून पाहिले, ताणून पाहिले, शेवटी सुरीने कापून आतही डोकावलो. पुणेरी वलय कडक झाले होते. सुरती वलयाने कढईच्या बुडाशी चिकटून असहकार पुकारला. विलायती वलय मात्र होते तसे, काळे, लवचीक, अविचल. मी त्याला मनातल्या मनात पहिला क्रमांक दिला.

आता निकाल लावायचा. परीक्षा दिलेली वलये कापली गेली होती, तेव्हा निकाल त्यांच्या कोऱ्या भावंडांवर नोंदवणे भाग होते. पाकिटांवर माझा विश्वास नाही. पाकिटे बदलली जातात. गुण परीक्षार्थीच्या कपाळावरच असावेत, या विचाराने मी सगळी वलये पाकिटांतून बाहेर काढली. शाई रबराला बाधेल, म्हणून देवघरातले सौम्य द्रव्य वापरले. उत्तीर्णांना कुंकवाचा टिळा, अनुत्तीर्णांना हळदीचा. पाकिटे कचऱ्यात टाकली. वलयांचे ताट देवघरापाशी ठेवले, कारण घरातली तेवढीच जागा कुंदा आवरायला घेत नाही.

ही व्यवस्था किती चोख होती! आजही तिच्यात मला दोष सापडत नाही. दोष सापडतो तो भोवतालच्या जगात.

कुंदा परतली. तिने उंबऱ्यातच नाक मुरडले.

“हा वास कसला? टायर जाळलंत काय घरात?”

“परीक्षण चालू होतं.”

“कशात?”

“कढईत.”

“माझ्या अनारशांच्या?”

“घासून ठेवली आहे,” मी म्हणालो. (विसळून ठेवली होती. घाईत क्रियापद चुकले.)

ज्या गृहिणींनी अनारसे केले आहेत, त्यांना पुढचे सांगायला नको. कुंदाने तूप तापवले, पहिला अनारसा सोडला आणि तो हसला. हसला म्हणजे तुपात विरघळून कढईभर पसरला. दुसराही हसला. त्या कढईतल्या अनारशांना त्या दिवशी एवढे हसू लोटले, की शेवटी शेजारच्या लताबाईंना त्यांच्या कढईसकट बोलवावे लागले. दोघींनी मिळून जे काही वाचवले, ते वाचवले. मला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यात आले.

दुसऱ्या दिवशी जावई-मुलगी आली, जेवणे झाली. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता हेमांगी हळूच म्हणाली, “नाना, तुम्ही विमानासाठी एवढे अधीर झालात, हे बघून ह्यांना फार बरं वाटतं हं.” मी घास तोंडात असल्याने पुन्हा मान हलवली. माणूस शिकत नाही, तो असा. मग लाल कापडाने झाकलेले ताट, वर तेवता दिवा, असे वाण मी स्वतः जावयांच्या हाती दिले. त्यांनी वाकून नमस्कार केला. मी ‘आयुष्मान भव’ म्हणालो आणि या वेळी मला त्यात माझाही अंतर्भाव करावासा वाटला. उन्हं उतरल्यावर दोघे धुळ्याला निघून गेली.

मी आनंदाने देवघरापाशी आलो. निकालाचे ताट जावयांना द्यायचे राहूनच गेले होते. ते कुरिअरने पाठवावे, असा विचार होता. ताट रिकामे होते.

तेवढ्यात लताबाई आपली कढई न्यायला आल्या.

“लताबाई, इथे काही काळी वलयं होती...”

“ती चकत्यांसारखी? वाणात घातली की, सर!” त्या उत्साहाने म्हणाल्या. “अनारसे कमी पडले ना. मी म्हटलं, आता बत्तासे आणायला कुठं जाऊ? तर हे ताट दिसलं. गोल, मध्ये छिद्र, देवापाशी ठेवलेलं! म्हटलं, सरांनी इंजिनियर जावयासाठी हौसेनं मुद्दाम आणलंय. बाई, किती सुचतं या माणसाला! बरोब्बर तेहतीस भरले.”

“पण त्यांच्यावर खुणा होत्या,” मी म्हणालो. “काहींवर कुंकू, काहींवर हळद.”

“हो ना! अर्धवट. एकाला नुसतं कुंकू, दुसऱ्याला नुसती हळद. असं कुठं असतं का? वाण म्हटल्यावर दोन्ही लागतं. मी सगळ्यांना दोन्ही लावलं. वर अक्षताही टाकल्या.”

उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण एकाच पंक्तीत, एकाच रंगाने, सन्मानाने बसून धुळ्याला गेले होते! विलायती वलय उत्तम, हे मला ठाऊक होते; पण त्या ढिगात विलायती कोणते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. आणि जावई तर असेच समजणार, की सासऱ्यांनी तपासून, निवडून, टिळा लावून वलये दिली आहेत. ते ती इंजिनात बसवणार. मग इंजिन आकाशात शांत होणार. माझे जे व्हायचे ते होवो. पण हेमांगीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी मटकन पाटावर बसलो.

“कुंदा, ते वाण परत आणलं पाहिजे.”

“दिलेलं वाण परत मागतात काय कुणी? व्याह्यांकडे तोंड दाखवायला जागा राहील का?”

“जावई पडतील, कुंदा!”

तिने फोन माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, “फोन करा.”

जावयांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. सकाळीही नाही. हेमांगी शाळेच्या उन्हाळी वर्गावर गेलेली, तिचाही बंद. मी पहिली मिळेल ती एसटी धरली. ती पारोळ्याला भरपूर थांबली. चालक आणि वाहक यांनी तिथे जो चहा घेतला, तसा सावकाश चहा मी यापूर्वी पाहिला नव्हता.

झुलालआबांच्या शेताच्या वळणावर उतरलो. शेडमधून इंजिनचा आवाज येत होता. एकसुरी, धारदार, कानात दडे बसवणारा. म्हणजे वलये बसवलीसुद्धा! मी छत्री उगारून बांधावरून धावत सुटलो. या वयात आणि त्या उन्हात मी एवढ्या वेगाने धावू शकतो, याचे मला नंतर नवल वाटले. आबांना त्याच वेळी वाटले.

“मास्तर, काय व्हयनं?” ते खाटेवरून उठले. “आजच बठनं शे का तुम्हले? एवढी घाई?”

“थांबवा! ते आधी थांबवा!”

हितेंद्ररावांनी इंजिन बंद केले. त्या शांततेत मी सगळे सांगून टाकले: कढई, कुकर, टिळे, लताबाई, अक्षता. जावयांनी हातातले फडके खाली ठेवले.

“नाना, ती सीलं आईनं देवघरात ठेवली आहेत. वाण आहे ना.”

“म्हणजे इंजिनात नाहीत?”

“हळद-कुंकू आणि तांदूळ लागलेलं सील मी इंजिनात घालीन? यात तर जमिनीवर चालवायला जुनीच सीलं आहेत. सीलला माझं बोट लागलं तरी मी ते पुसून घेतो.”

त्या क्षणी जी सुटकेची भावना मला झाली, तिला माझ्या शब्दसंग्रहात जागा नाही. मी आबांच्या खाटेवर आडवा झालो. आबांच्या पत्नी सुंदरबाई यांनी गूळपाणी आणून दिले.

“पण एक सांगा, नाना,” जावई खाटेशेजारी बसत म्हणाले, “तुम्ही तपासणी कोणत्या तेलात केली?”

“घाण्याच्या. शेंगदाण्याचं, अस्सल.”

“नाना, या विमानात भजी तळायची नाहीत.”

“तेल ते तेल...”

“इंजिनचं तेल वेगळं, पेट्रोल वेगळं. जे सील खायच्या तेलात आणि वाफेत टिकतं, ते पेट्रोलमध्ये फुगून लोण्यासारखं होऊ शकतं. बघायचंय?”

सुदैवाने प्रत्येक जातीचे एकेक बंद पाकीट त्यांनी शेडमध्ये ठेवले होते. ती फेरपरीक्षा त्यांनी हंगाम बाजूला ठेवून माझ्यासमोर घेतली. या वेळी इंजिनचे तेल, इंधन आणि गार ठेवणारे पाणी वेगवेगळ्या डब्यांत. तापमान मोजायला यंत्र. दाबून धरायला पोलादी पट्ट्या. मी पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो. एक दिवस पुरला नाही म्हणून मुक्कामही केला. शेवटी पट्ट्या सोडवल्या. पुणेरी वलय चपटे झाले, ते चपटेच राहिले. माझे लाडके विलायती वलय इंधनात फुगून दुप्पट झाले होते आणि नखाने तुटत होते. आणि सुरती, ज्याला मी कढईला चिकटल्याबद्दल नापास केले होते, ते जसेच्या तसे. दाब सोडताच पुन्हा गोल. डब्यांत बदल करून सगळे पुन्हा एकदा केले, निकाल तोच.

“विलायती सीलला नावं ठेवू नका हं,” जावई माझा चेहरा पाहून म्हणाले. “तुम्ही निवड उत्तमच केली होती. कुकरसाठी.”

सुरती वलये बसली. पाऊसकाळभर ते इंजिन जमिनीवर बांधलेल्या स्थितीत तासन्‌तास धावले. पाण्याचा एक थेंब कुठे शिरला नाही. मी अधूनमधून जाऊन सांध्यांवरून पांढरा रुमाल फिरवत असे. रुमाल कोरडा निघाला, की आबा म्हणत, “मास्तरले बठानी लई घाई व्हयेल शे.” आणि मी मान हलवीत असे.

कारण वलयांची चिंता मिटली, तरी आसनाची मिटली नव्हती. विमान पडणार नाही, हे आता माझ्या बुद्धीला पटले होते. पण माझी बुद्धी आणि माझे गुडघे यांची कधी ओळखच झालेली नाही.

दिवाळीनंतर तो दिवस उजाडला. धुळ्याजवळच्या धावपट्टीच्या कडेला दोर बांधून गावकऱ्यांना उभे केले होते. मी स्वेटर, कानटोपी आणि कुंदाने दिलेला अंगारा अशा सिद्धतेने गाडीतून उतरलो. हितेंद्रराव आणि हेमांगी समोरून आली, ती माना खाली घालून.

“नाना,” हेमांगीने माझा हात धरला, “मन घट्ट करा.”

“काय झालं?”

“विमानखात्याच्या तपासणीच्या साहेबांनी अट घातली आहे,” जावई म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हते. “परीक्षणाची उड्डाणं पूर्ण होईपर्यंत वैमानिकाशिवाय कोणीही आत बसायचं नाही. मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. पण तुम्ही रुमाल घेऊन येत होतात, सांध्यावरून हात फिरवत होतात... सांगायचा धीरच होईना, नाना.”

“म्हणजे मला बसता येणार नाही?”

“नाही.”

मी पाठ फिरवली. लोकांना वाटले, मी डोळे पुसतो आहे. मी खरोखरच पुसत होतो. पाठमोऱ्या स्थितीत आनंद लपवणे सोपे असते. फक्त खांदे आवरावे लागतात, ते गदगदत होते. कुंदा जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “पुरे. आता जास्त होतंय.”

“नियम म्हणजे नियम,” मी भरल्या गळ्याने जाहीर केले. “माझी हरकत नाही.”

“पण नाना, तुमचं वजन लागेल,” जावई म्हणाले.

शेजारच्या आसनावर माणसाएवढा भार ठेवून विमानाचा तोल पाहायचा होता. कोणाएवढा ठेवायचा, यावर आबांनी क्षणभरही विचार केला नाही. कापूस मोजायचा काटा आणवला, मला साऱ्या गावासमोर त्यावर उभे केले आणि तेवढ्याच वजनाची ज्वारी एका पोत्यात भरली. पोत्याला उजवीकडच्या आसनावर बसवून पट्टे आवळले. पोते ताठ बसले. त्याच्या चेहऱ्यावर (म्हणजे शिवलेल्या तोंडावर) जी स्थिरता होती, ती माझ्या चेहऱ्यावर कधी येणे नव्हते.

विमान धावले, चाके सुटली आणि ते वर गेले. इंजिनचा तो एकसुरी आवाज आभाळात फिरू लागला. सगळा जमाव ओरडत होता. आम्ही घरचे मात्र गप्प होतो. मी तो आवाज कान देऊन ऐकत होतो. तो एकदाही अडखळला नाही. हेमांगीचा हात माझ्या हातात होता आणि तो हळूहळू सैल होत गेला. धावपट्टीभोवती फेऱ्या मारून ते पुन्हा चाकांवर टेकले, तेव्हा आबा धोतराचा सोगा डोळ्यांना लावून म्हणाले, “उडना मना पोऱ्या!” आणि मग आम्ही सगळेच बोलू लागलो.

खरा पेच त्यानंतर आला. गावाने पहिल्या प्रवाशासाठी शाल, श्रीफळ आणि ध्वनिक्षेपक आणला होता. सरपंचबाई हेमांगीच्या मैत्रीण, मयुरीताई. त्या शाल घेऊन माझ्याकडे वळल्या. मी नम्रपणे मान झुकवली. आबांनी त्यांना मध्येच अडवले.

“थांब वं माय. शाल कोनी? पयल्या प्रवासीनी ना? मंग जो उडना, शाल त्यानी.”

गावाला हा न्याय पटला. पोते पट्ट्यांतून सोडवून खुर्चीवर आणून बसवले, त्याच्या मांडीवर म्हणता येईल अशा जागी श्रीफळ ठेवले, खांद्यांवर म्हणता येईल अशा जागी शाल पांघरली. टाळ्या झाल्या. मग गुणगौरवाचे चार शब्द कोण बोलणार, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेला दुसरा कोण होता?

मी बोललो. मन हलके होते, समोर माणसे होती, ध्वनिक्षेपक चालू होता. पोत्याचे धैर्य, त्याची अविचल वृत्ती, संकटसमयी मौन पाळण्याची त्याची हातोटी, या सर्वांचा मी सविस्तर परामर्श घेतला आणि विमान या संकल्पनेच्या प्राचीनतेकडे वळणार, एवढ्यात समोर हशा पिकला. मला वाटले, विनोद साधला. मी तो पुन्हा सांगितला.

झुलालआबांनी माझ्या बाहीला हात लावला.

“आते आटपा, मास्तर,” ते समजुतीने म्हणाले. “आभाळमा एवढ्या गिरक्या खाद्यात, तठे हाललं बी नही. तुमना भाषनमा पोतं कलंडी गयं.”